फुफ्फुसं बाहेर काढून मशीनवर दुरुस्त करतात म्हणे, मामांना उपयोग होईल का?

शिरोली_नाका: मंडळी, जरा घाईत विचारतोय. आमच्या मामांनी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत २६ वर्षं काढली, फेटलिंगला होते, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, आता सिलिकोसिस निघालाय, वाळूच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस, आता बाथरूमपर्यंत गेला तरी धाप लागून खाली बसतोय, घरात ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालू. पुण्याच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचं नाव काढलं. परवा भावानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, काचेच्या पेटीत नुसती फुफ्फुसं ठेवलीत आणि ती फुगतायत बसतायत, आणि म्हणे खराब फुफ्फुसं त्यात बरी होतात. मग मामांचीच काढून, धुवून परत बसवता येतील का? मामी शेत विकायचं बोलायला लागल्यात.

पंप_आणि_नळ्या: दादा, आधी मामींना सांगा, ह्यासाठी शेत काढू नका. मी परफ्युजनिस्ट आहे, हार्टच्या ऑपरेशनला पंप चालवतो. ते मशीन दात्याच्या फुफ्फुसांसाठी असतं, पेशंटच्या नाही. ब्रेनडेड माणसाच्या फुफ्फुसात पाणी भरतं, न्यूमोनिया होतो, म्हणून किडनी लिव्हर घेतात आणि फुफ्फुसं बऱ्याचदा तशीच राहतात. पूर्वी बर्फात ठेवून पळवायची आणि चांगली आहेत की नाहीत हे बसवल्यावरच कळायचं. स्वीडनमध्ये लुंड इथं स्टीग स्टीन यांनी २००० साली आधी बाहेर तपासलेलं फुफ्फुस माणसाला बसवलं, फुफ्फुसातून फिरवायचं त्यांच्या नावाचं पाणी, स्टीन सोल्युशन, आजही वापरतात. पुढं कॅनडात टोरंटोला केशवजी आणि सायपेल या सर्जननी फुफ्फुस मशीनवर ठेवायचा वेळ वाढवला. हळूहळू ३७ डिग्रीपर्यंत गरम करायचं, व्हेंटिलेटरवर मिनिटाला सातच श्वास, पंपाचा फ्लो शरीरातल्या साधारण ४० टक्के, घाई केली तर फुफ्फुस सुजतं. त्या पाण्यात अल्ब्युमिन असतं, ते फुफ्फुसात साठलेलं पाणी ओढून घेतं. चार तास दर तासाला ऑक्सिजन किती उचलतंय ते बघायचं, एक्सरे आणि ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं श्वासनळ्या आतून बघणं, पण तिथंच. २०११ साली त्यांनी छापलं, शंकास्पद २३ पैकी २० फुफ्फुसं बसवण्याजोगी निघाली.

पण सूज, पाणी, इन्फेक्शन ह्या उतरणाऱ्या गोष्टी आहेत. वाळूच्या धुळीनं पडलेले व्रण दगडासारखे घट्ट होतात, ते कुठल्या पाण्यानं निघत नाहीत. फुफ्फुस धुण्याची प्रोसिजर वेगळी असते, सलाईन घालून एकेक बाजू धुतात, ती प्रोटिनोसिस नावाच्या आजाराला.

कसबा_बावडा_८८: मग दुसरी मिळेपर्यंत माणसाला फुफ्फुसाशिवाय मशीनवर ठेवता येत नाही का हो?

पंप_आणि_नळ्या: टोरंटोतच २०१६ ला एका तरुण बाईची दोन्ही फुफ्फुसं इन्फेक्शननं सडली होती, ती काढून तिला सहा दिवस मशीनवर जगवलं आणि मग नवीन बसवली. पण तो शेवटचा उपाय होता, मामांसारख्याला नाही सुचवणार कोणी.

गडहिंग्लजची_ताई: माझा धाकटा भाऊ बाईकवरून पडला, ब्रेनडेड झाला. आई कशीबशी हो म्हणाली. किडन्या गेल्या, लिव्हर गेलं, फुफ्फुसं नाही घेतली, उलटी श्वासनलिकेत गेली होती म्हणाले. वरचं वाचून आज पहिल्यांदा कळलं की असली फुफ्फुसं पण तपासून बघता आली असती. आईला आज सांगू का नको तेच समजंना झालंय. दादा, मामांची नोंदणी करा, वाट बघणारं माणूस यादीत तरी पाहिजे. आपल्याकडचं वाटप पुण्याच्या झेडटीसीसीतून, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय समितीतून होतं आणि नोंदणी ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फतच होते.

श्वास_मोकळा: फिजिओथेरपिस्ट बोलतेय. यादीत नाव लागेपर्यंत पायातली ताकद जाऊ देऊ नका, ऑक्सिजन लावूनच घरात थोडं थोडं चालवा आणि वजन राखा, पेशंट फारच खचला तर सर्जन नको म्हणतात. आणि मामांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पगारातून कापला जात होता का? सिलिकोसिस कामामुळं होणाऱ्या आजारात धरतात, जुन्या पगाराच्या स्लिपा शोधून ठेवा.

शिरोली_नाका: लई आभार सगळ्यांचे. स्लिपा आहेत, पत्र्याच्या ट्रंकेत. मामांना सगळं वाचून दाखवलं, माझी धुवून मिळणार नाहीत एवढं ऐकून गप्प बसले, मग ताईंच्या भावाचं वय विचारलं त्यांनी. मंगळवारी पुण्याला नेतोय, सीटी स्कॅनची सीडी आणि सहा मिनिटं चालायच्या टेस्टचा रिपोर्ट घेतलाय, अजून काय लागत असेल तर आजच सांगा.