इंटेग्रिटीला ‘सचोटी’ चालतं की नाही?

बडबड्या: ऑफिसात व्हॅल्यूजचं पोस्टर मराठीत करायचंय, इंटेग्रिटीसमोर मी सचोटी लिहिलं तर साहेब म्हणे, हा वाण्याच्या गल्ल्यावरचा शब्द वाटतो. काय चूक आहे यात? बाबा सरकारी नोकरीत होते, त्यांच्या गोपनीय अहवालात हाच रकाना असायचा, पुढे शेरा ‘संशयातीत’.

तिरपी_रेघ: साहेब बरोबर आहेत, सॉरी. सचोटी म्हटलं की पैसाच आठवतो. आमच्याकडे एकजण आहे, दुसऱ्याचा चहासुद्धा फुकट पीत नाही, पण मिटिंगमध्ये हो सर हो सर आणि जिन्यात येऊन त्याच सरांची सालं काढतो. सचोटी आहे, इंटेग्रिटी कुठाय? मूळ लॅटिन इंटेजर म्हणजे अखंड, न फुटलेलं. गणितातला पूर्णांक पण तोच!

बडबड्या: मग ‘अखंडता’ लिहू का पोस्टरवर?

कोरा_कागद: तो घोळ सरनाम्यात आधीच झालाय 😀 १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तिथे इंटेग्रिटी आला, हिंदीत अखंडता केलं, मराठीत एकात्मता. देशाला ठीक आहे, पण ‘जोशीकाका फार एकात्म आहेत’ म्हणून बघा.

साइटवरचा: आम्ही सिव्हिलवाले पाइलची, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेल्या काँक्रीटच्या खांबाची, इंटेग्रिटी टेस्ट करतो. डोक्यावर सेन्सर चिकटवायचा, शेजारी छोट्या हातोडीने टक करायचं, तळाचा प्रतिध्वनी वेळेवर आला तर बरं, मधूनच आला तर आत तडा किंवा पाइल कुठेतरी बारीक झालाय. वरून बघून काही कळत नाही. त्या जिन्यातल्या माणसाला हेच लागू आहे बघा, म्हणून सचोटी मला पण अपुरं वाटतं.

आजीची_लाडकी: आमच्याकडे ‘सरळ माणूस’ म्हणतात, आतबाहेर एक. झालं की.

तिरपी_रेघ: म्हणायचे. आता ‘सरळ आहे हो मुलगा’ म्हणजे कुणीही टोपी घालावी असा. ‘प्रामाणिक’ पण नको, ते ऑनेस्टला गेलं.

बडबड्या: म्हणजे मराठीत सगळे शब्द नापास, आणि इंग्रजी तेवढा पास? आपणच सचोटीला गल्ल्यावर बसवून ठेवलाय. जिन्यातल्या त्या माणसाला ‘तुझ्यात सचोटी नाही’ असं तोंडावर म्हणून बघा, पैशाबद्दल बोलताय असं वाटेल का त्याला?

तिरपी_रेघ: वाटेल. म्हणेल, कुणाचे किती खाल्ले ते दाखव.