पोषणशास्त्रात पीएचडी करावी का? नागपुरातून विचारतोय

अंबाझरीकर: धाकट्या बहिणीचं न्यूट्रिशनमध्ये एमएस्सी झालंय, आता पीएचडी करायची म्हणते. घरचे म्हणतात, दवाखान्यात डाएटिशियन म्हणून लाग, वर्षं कशाला घालवतेस. माझं मत स्पष्ट आहे: तिने पीएचडी करावी आणि विषय आपल्या भागातलाच घ्यावा.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे उभ्या धानात लाखोळी डाळीचं बी फेकतात. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच डाळ खाऊन लोकांचे पाय लुळे पडायचे. तिच्यातल्या ओडीएपी या विषारी घटकामुळे 1961 मध्ये विक्रीवर बंदी आली, पीक मात्र थांबलं नाही. पुढे रतन, प्रतीक अशी कमी ओडीएपीची वाणं आली. पण आज कोणत्या घरात ही डाळ किती शिजते, भिजवलेलं पाणी फेकतात का (ओडीएपी पाण्यात बराच उतरतो), सोबत ताटात आणखी काय असतं, हे चुलीपाशी बसून मोजावं लागतं. डाएट चार्ट लिहून ते कळणार नाही.

तासिकावाली: दादा, विषय चांगला आहे. पण पीएचडी करून मी आज तासिका तत्त्वावर शिकवते आहे, म्हणून बोलते. तास झाले तरच पैसे, उन्हाळ्यात तेही नाहीत. 2023 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरेशी केली, पीएचडी ऐच्छिक झाली. म्हणजे ज्या नोकरीसाठी आमची पिढी थिसिस लिहीत बसली, तिला आता थिसिस लागतच नाही. कायम जागेच्या जाहिरातीची वाट पाहण्यात वय निघून जातं. मुलीला या रांगेत उभं करू नका.

अंबाझरीकर: नोकरी हाच हिशेब धरला तर तुमचं खरं आहे. पण जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर दरमहा 37,000 मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफचे, म्हणजे तिच्याच पुढच्या टप्प्याचे, 42,000. नवख्या डाएटिशियनला एवढं कोण देतं?

तासिकावाली: "मिळाली तर". नेट निघते, जेआरएफ मोजक्यांना मिळते.

वॉर्डातली: मी दवाखान्यातच काम करते. चार्ट लिहिणं म्हणून आमचं काम उडवून लावू नका. डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम कमी द्यायचं, तर भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायला घरच्यांना शिकवावं लागतं. रविवारी सावजी रस्सा खाणाऱ्याला मीठ तोडायला लावणं त्याहून कठीण. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरं येतात, त्यांच्या आया विचारतात, "मॅडम, याला काय चारू?" हे प्रश्न पुस्तकात बसून सुचत नाहीत. तिने आधी आरडीची (नोंदणीकृत डाएटिशियनची) परीक्षा द्यावी, दोन-तीन वर्षं वॉर्डात घालवावीत, मग खुशाल संशोधन करावं.

गोंदियाचा: हाव ताई, पण वॉर्डात लागलेली पोरगी परत शिकाले जाते काय? लग्न होते, पगाराची सवय होते. माह्या मते आताच करू द्या, पण नागपुरात नको. हैदराबादले राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 मध्ये कुन्नूरले बेरीबेरीच्या तपासापासून सुरू झाली, 1958 मध्ये हैदराबादले आली. ओडीएपी मोजाची तर चांगली प्रयोगशाळा पाहिजे, माहितगार मार्गदर्शक पाहिजे.

अंबाझरीकर: नमुने हैदराबादला पाठवता येतील, गावं पाठवता येणार नाहीत. एनएफएचएस-5 (2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) नुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. हा आकडा आपल्याला सर्वेक्षणातून कळतो. त्यामागचं ताट कुणी नीट पाहिलं नाही तर योजना वरून येत राहतील आणि पोरं तशीच राहतील. त्यासाठी झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, कोणाच्या अंगणात बसून बोलता येणारी, तिथली भाषा कळणारी माणसं लागतात. माझी बहीण तशी आहे.

तासिकावाली: मग निदान हे करा. अर्ज भरण्याआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते बघा. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी, त्याहून जास्त घेता येत नाहीत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटून विचारा, थिसिस किती महिने टेबलावर पडून राहायचा. बसत असेल तर महाज्योतीची (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीची राज्य सरकारची संस्था) फेलोशिप बघा, ऑफिस नागपुरातच आहे. आणि फेलोशिपचं पत्र हातात येईपर्यंत तिला नोकरी करू द्या. यावर मी मागे हटणार नाही.

अंबाझरीकर: मार्गदर्शकाचं पटलं, या आठवड्यातच विचारतो. नोकरीचं नाही पटलं. नोकरी करत गावोगाव फिरणं तिला जमणार नाही. पहिलं वर्ष मी पैसे देईन.