मदत हवी: छताच्या भोकांत पुट्टी टिकत नाही

घाईत_आहे: हॉलच्या छताला भोकं पडलीत. पुट्टी भरली की दुसऱ्या दिवशी ढेकूळ जमिनीवर. शनिवारपर्यंत संपवायचंय. कुठली पुट्टी घेऊ?

थापी: भोकं केवढी? वर स्लॅब की पोकळी?

घाईत_आहे: साधंच छत आहे हो. एक मुठीएवढं, दोन बोटाएवढी.

मिलिमीटर: "साधं" म्हणजे काय? भोकात पेन्सिल घाला. लगेच अडली तर स्लॅबचा गिलावा, आत गेली तर फॉल्स सीलिंग, म्हणजे स्लॅबखाली टांगलेलं छत. दोन्हींचे उपाय वेगळे.

घाईत_आहे: अख्खी आत गेली.

थापी: मग पुट्टी पडणारच, तिला मागून आधार कुठाय? शिवाय ती दीड मिलिमीटरच्या थरासाठी असते, जाड भरली की आकसून सुटते. आधी मेन स्विच बंद, आत वायरी असतात. मोठ्या भोकाच्या कडा कटरने चौकोनी करा, हलणारं सगळं काढा. भोकापेक्षा दोन्हीकडे ५ सेंमी जास्त लांब अशा दोन लाकडी पट्ट्या आत सारा, हाताने धरून खालून स्क्रू मारा. आधी ड्रिल करा, नाहीतर कड तडकते. त्या पट्ट्यांवर छताच्याच जाडीचा जिप्सम बोर्डचा तुकडा, भोवती २-३ मिमी फट ठेवून.

रंगकाम_रंगकाम: एवढ्याशा भोकाला सुतारकाम? काथ्या पीओपीत बुडवून कोंबा, काम झालं.

मिलिमीटर: बोटाएवढ्यांना पीओपी चालेल. मुठीएवढ्यात नुसता गोळा लोंबतो. आणि पीओपी पाण्यात सोडायचं, उलटं नाही, गुठळ्या होतात. भांडं स्वच्छ हवं, जुने कण राहिले तर नवं झटकन आवळतं. घट्ट व्हायला लागल्यावर पाणी घालून परत ढवळलं तर ताकद गेली. जुन्या कडा आधी ओल्या करा, कोरड्या कडा पाणी पितात आणि जोड सुटतो.

रंगकाम_रंगकाम: काथ्याला कमी लेखू नका. पीओपीची अख्खी छतं काथ्यावर लटकलेली असतात.

मिलिमीटर: लटकतात, कारण तो वरच्या सांगाड्याला गुंडाळलेला असतो. इथे कशाला गुंडाळणार?

चांदणी: रंग मॅटच घ्या. चकचकीत रंगात ठिगळ लांबूनही दिसतं.

थापी: रंगाचं विचारलंय कुणी?

ओलावा: मूळ प्रश्न राहिलाच. भोकं पडली कशाने? आसपास पिवळा डाग?

घाईत_आहे: एक आहे, जुना. शनिवारचं बोला ना!

ओलावा: डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा. वर पाणी वापरल्यावर किंवा पाऊस पडल्यावर डाग रेघेबाहेर सरकला तर गळती चालू आहे, आधी ती थांबवा. ओलं पीओपी मऊ पडतं, त्यात स्क्रू धरत नाही. डाग कोरडा असेल तर त्यावर डाग अडवणारा प्रायमर लावा, नुसत्या पाण्याच्या रंगातून तो परत वर येतो.

थापी: शनिवारचं म्हणाल तर बोर्ड एका दिवसात बसेल. सांध्यांवर जाळीची टेप आणि जॉइंट कंपाउंडचे (सांधे बुजवायच्या लगद्याचे) तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, शेवटचा साधारण ३० सेंमी. तयार डब्यातलं कंपाउंड एकेक हात वाळायला दिवसभर घेतं. पावडरचं घेतलंत तर लवकर आवळेल, पण घासताना हात भरून येतील. १५० नंबरचा पॉलिश पेपर वापरा.