'कॅरट अँड स्टिक'ला काय लिहावं?

पांदण: ग्रामपंचायतीसाठी एका इंग्रजी टिपणाचं मराठी करून राहिलो. संडास बांधला की १२,००० रुपये अनुदान, उघड्यावर बसला की गुडमॉर्निंग पथक. याला त्यात 'कॅरट अँड स्टिक' म्हटलंय. मी 'गाजर आणि काठी' लिहिलं, तर सचिव म्हणतात, अनुदानाला गाजर म्हटलं की लोक समजतील पैसे येतच नाहीत.

आर्वीकर: बरोबर आहे त्यांचं. मराठीत गाजर दाखवतात ते न देण्यासाठीच.

शुद्धमती: साम, दाम, दंड, भेद घरात असताना गाजर कशाला? 'दाम-दंड' लिहा.

पांदण: लोक विचारतील, दंड किती रुपये?

गव्हाण: मला तर शिकवलं होतं की काठीला गाजर बांधून गाढवाच्या नाकापुढे धरतात. म्हणजे मारायचं नाहीच.

आर्वीकर: तसंही चित्र काढतात, पण तुमच्या टिपणात ते बसत नाही. चर्चिलनं १९३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या गाढवाकडून नाझींचा गाडा ओढून घेण्याबद्दल लिहिलंय. तिथं काठी वेगळी, गाजर वेगळं.

कुटार: काहून गाढव घेऊन बसले बाप्पा? आपल्याइकडे बैल. 'ढेप आन् तुतारी' लिहा. ढेप म्हन्जे सरकीची पेंड.

शुद्धमती: तुतारी फुंकतात. बैलाला टोचतात ती पराणी. प्रमाण मराठीत लिहायचं असेल तर निदान एवढं पाळा.

कुटार: पराणी तुमच्याकडे. आमच्या वऱ्हाडात आर लावलेल्या काठीले तुतारीच म्हन्तेत. कागद वाचणार कोन, पुणं का आमचं गाव?

गव्हाण: पंचायतीच्या कागदावर तुतारी? विरोधी गट पक्षाचा प्रचार म्हणून तक्रार करेल! शिवाय टोकदार आरेला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे.

आर्वीकर: आणि ढेप हे बक्षीस आहे का? बैल बसून राहिला तरी घालावीच लागते.

कुटार: हे मात्र खरं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकतो, 'आवतन घ्या, जेवाले या' म्हन्तो, ते काय किती तास नांगरलं ते मोजून?

शुद्धमती: गाजर दाखवणं हे 'गाजराच्या पुंगी'वरून आलं असावं, असा माझा अंदाज.

आर्वीकर: ती पुंगी निदान मोडून खाता येते.

पांदण: उद्या टिपण द्यायचंय हो. 'सवलत आणि धाक' चालेल?

गव्हाण: कुटारभाऊ, खांद तुपानं शेकता की लोण्यानं?

कुटार: तूप. लोणी कोन लावते?

आर्वीकर: आम्ही लावतो. हळद घालून.