आरएनए मेथिलेशनमुळं कॅन्सरची गोळी काम करायची थांबते का?

मांजराकाठ, लातूर
मंडळी, काकाला सीएमएल हाय, रक्ताचा कॅन्सर. इमॅटिनिब ४०० चालू हाय, सुरुवातीला एकदम भारी गेलं आन् आता बीसीआर-एबीएलचा आकडा (रक्तात हा कॅन्सर किती हाय ते दाखवतो) परत वर जायलाय. डॉक्टर म्हणले म्युटेशन टेस्ट करू, म्हंजी कॅन्सरच्या जीनमधी बदल झालाय का ते बघायचं, संभाजीनगरला जावं लागंल. मी नेटवर वाचायलोय तर आरएनए मेथिलेशन, एफटीओ असलं कायबाय निघालं, त्यानं म्हणे गोळी चालंना होते. खरंय का? टेस्ट कुठं होती का याची?

नांदेडची बायोटेकवाली
खरंय, पण लॅबपुरतं. डीएनएवरून जी एमआरएनएची कॉपी निघते ना, तिच्यावर जागोजागी मेथिलचा टिकमार्क बसतो, त्याला एम६ए म्हणतात, १९७४ पासून माहितीये. मेटल-३ नावाचं एन्झाइम मेटल-१४ ला सोबत घेऊन तो लावतं, एफटीओ आणि एएलकेबीएच५ पुसतात (एफटीओचं हे काम २०११ ला कळलं), आणि वायटीएचडीएफसारखी प्रोटीन्स तो वाचतात, मग ती कॉपी टिकणार का लवकर तुटणार हे ठरतं. २०१८ ला ल्युकेमियाच्या पेशींत असं दिसलं की निलोटिनिबसारख्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या पेशींत एफटीओ वाढलेला, टिकमार्क कमी, त्यामुळं पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ सारख्या प्रोटीनच्या कॉप्या जास्त टिकायलेल्या. एफटीओ दाबला की गोळी परत लागू! पण हे पेशी आन् उंदरांत. एफटीओ मोजून पेशंटची गोळी बदलायची अशी रुटीन टेस्ट नाही.

मांजराकाठ, लातूर
मग हे टिकमार्कवालं औषध आलं की सगळ्याच कॅन्सरला चालंल की ताई

नांदेडची बायोटेकवाली
तिथंच तर गोची आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींत मेटल-३ कमी केलं की जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन ही केमोची औषधं जास्त लागू पडतात. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये नेमकं उलटं, मेटल-३ कमी झालं की फॉक्सओ३ या जीनची कॉपी टिकत नाही, ऑटोफॅजी (पेशीनं स्वतःचेच भाग पचवून तगणं) वाढते आणि पेशी सोराफेनिब या लिव्हर कॅन्सरच्या गोळीला जुमानत नाही. एन्झाइम तेच, कुठल्या कॉपीवर टिकमार्क आहे त्यावर सगळं. मेटल-३ रोखणारा एसटीएम२४५७ हा रेणू २०२१ ला एएमएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरच्या उंदरांत चालला, तसाच एसटीसी-१५ माणसांवरच्या ट्रायलमध्ये गेलाय, पण तुमच्या काकांच्या आजाराला आज त्याचा काही उपयोग नाही, उगं आस लावू नका.

परळी मेडिकलवाला
राग मानू नका दादा, पण काका गोळी रोज खातेत का ते बघा आधी. मळमळ होती म्हणून लोक एक दिवसाआड घ्यायलेत आन् घरी कुणाला सांगत बी नाहीत, आकडा वर जायचं हे लई कॉमन कारण हाय. जेवणासोबत आन् मोठा ग्लासभर पाण्यानं घ्यायची. म्युटेशन टेस्ट मात्र चुकवू नका, टी३१५आय नावाचं म्युटेशन निघालं तर इमॅटिनिब, निलोटिनिब, डासाटिनिब तिन्ही बाद, पोनॅटिनिबसारखी वेगळी गोळी लागते. आन् टीबीची रिफॅम्पिसिन नाहीतर फिटची फेनिटॉइन चालू असली तर इमॅटिनिब रक्तात कमी पडतं.

मांजराकाठ, लातूर
काकूला फोन केला. गोळी रोज घेतेत म्हणली. पण दिवाळीनंतर फिट आलती तवापासून दुसऱ्या डॉक्टरची गोळी चालू हाय, पाकिटावर फेनिटॉइनच लिहिलंय!!

परळी मेडिकलवाला
मग दोन्ही चिठ्ठ्या आन् ते पाकीट घेऊन उद्याच कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवा. फिटची गोळी आपल्या मनानं बंद करू नका बरं का, ते वेगळंच लफडं व्हायचं.