बी विंगचा जिना आणि बाटलीचं झाकण

बी-२०३ देसाई काकू: सकाळी सकाळी परत तेच. दुसऱ्या मजल्यावर फुलपाखरू गारठून पडलंय आणि त्याच्यापुढं कुणीतरी बाटलीच्या झाकणात मध ओतून ठेवलाय. मुंग्यांची रांग थेट आमच्या दारापर्यंत. ज्यांनी हे पुण्य केलंय त्यांनी येऊन जिना पुसावा, ही नम्र विनंती. 🙏

सी-१०१ चव्हाण: कढीपत्त्याची छाटणी थांबवा.

बी-३०१ स्नेहा: सॉरी काकू, मुलांनी ठेवलं. हलतच नव्हतं बिचारं. आता डब्यात घालून गीझरजवळ ठेवलंय.

ए-४०२ कुलकर्णी मॅडम: गीझरजवळून आधी काढा. ते आजारी नाही, नुसतं गार पडलंय. उडायचं तर त्याचं अंग ३० अंशांच्या आसपास तापावं लागतं. पहाटे पारा १५ वर आणि जिन्यात ऊन नाही, मग हलणार कसं? बंद डब्यात ऊब लागली की आतल्या आत फडफडतं, पंखांच्या कडा फाटतात.
पंख चिमटीत धरू नका, खवले निघतात. पुढच्या पायांखाली बोट सरकवा, आपणहून चढतं. पूर्वेच्या कठड्यावर कुंडीतल्या पानावर सोडा, पंख पसरायला जागा ठेवा. १० च्या उन्हात १५-२० मिनिटं. आधी थरथरेल. ते आचके नव्हेत, स्नायू तापवणं चाललेलं असतं.

बी-१०४ संग्राम: मध नको तर काकवी द्या की मॅडम. कोल्हापूरचं फुलपाखरू हाय 😄

ए-३०३ जाधव: तांबडा रस्सा दिला तर गीझर पण नको

ए-४०२ कुलकर्णी मॅडम: हसा. काकवी काय नि मध काय, दोन्ही घट्ट. पाय चिकटतात, सोंड चिकटते, मग मुंग्या जिवंतपणीच पोखरतात. द्यायचंच तर १ चमचा साखर, ९ चमचे पाणी, कापसाचा बोळा भिजवून पिळलेला. पुढचे पाय बोळ्यावर टेकवा. चव पायांनाच कळते, गोड लागलं की सोंड आपोआप उलगडते. नाही उलगडली तर टाचणीनं ओढायला जाऊ नका. आधी ऊन, मग खाणं. गारठलेलं असताना ते पीतच नाही.

सी-१०१ चव्हाण: कढीपत्त्याची छाटणी थांबवा.

सेक्रेटरी: चव्हाणसाहेब, माळ्याला रविवारचं सांगितलंय. ॲडव्हान्स पण दिलाय. फांद्या पार्किंगमध्ये येतात ही आपल्याच विंगची तक्रार होती.

सी-२०२ पाटील वहिनी: तक्रार गाडीची होती, झाडाची नव्हे. कुणाची गाडी ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-३०१ मोरे: नाव घेऊन बोला.

बी-३०१ स्नेहा: मॅडम, लिफ्टजवळ अजून एक आहे. तपकिरी, वाळक्या पानासारखं. तेही उन्हात ठेवू का?

ए-४०२ कुलकर्णी मॅडम: नको, ते इव्हनिंग ब्राऊन. दिवसभर सावलीत निपचित बसतं, दिवेलागणीला उडतं. थंडीत त्याचा रंग असा सुक्या पाल्यासारखाच असतो. पायाखाली येत नसेल तर हात लावू नका. फार वाटलं तर पिकून काळं पडलेलं केळं बागेत ठेवा, जिन्यात नव्हे.

बी-२०३ देसाई काकू: जिन्यात नव्हे, हे ठळक करा कुणीतरी.

ए-३०३ जाधव: ब्लू मॉरमॉन २०१५ पासून राज्य फुलपाखरू आहे म्हणे. मग मेंटेनन्स सरकारकडून घ्या.

सी-१०१ चव्हाण: कढीपत्त्याची छाटणी थांबवा.

बी-१०४ संग्राम: काका, एकच वाक्य किती वेळा? कारण तरी सांगा.

सी-१०१ चव्हाण: सांगतो. गेटजवळच्या कढीपत्त्यावर नि लिंबावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांचे कोष आहेत. हिरव्या फांदीवर हिरवे, वाळक्या काटकीवर तपकिरी, म्हणून माळ्याला दिसत नाहीत. शेपूट फांदीला चिकटलेलं, कमरेला रेशमाचा एक धागा, डोकं वर. खांबावर चढलेला वायरमन पट्ट्यावर रेलतो ना, तसा. एरवी ८-१० दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. थंडीत पंधरवडा, कधी त्याहून जास्त, म्हणून लोक मेला समजून टाकून देतात. शेवटच्या दिवशी कोष काळपट होतो, निरखून बघितलं तर आत पंखांची नक्षी दिसते. सडलेला मऊ पडतो. बारीक गोल भोक असेल तर परजीवी गांधीलमाशी आतलं खाऊन गेलेली.
फांदी कापलीच गेली तर कोष उपटू नका. वीतभर तुकडा कोषासकट कापून झाडालाच सुतळीनं उभा बांधा. सुटा पडला असेल तर भेळेच्या पुड्यासारखा कागदाचा कोन करा, शेपूट खाली ठेवा, शेजारी खरखरीत काटकी टेकवा. बाहेर आल्यावर चढून लटकायला काही मिळालं नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग ऊन द्या नाहीतर साखर द्या, ते सरळ होत नाहीत. वाळायला तास-दीड तास लागतो. मधे लालसर पाणी टाकतं, ते रक्त नव्हे.

बी-१०४ संग्राम: नाद खुळा काका. हे मीटिंगमध्ये सांगायचं की!

सी-१०१ चव्हाण: सांगितलं होतं. मिनिट्समध्ये ‘इतर विषय’ म्हणून आलंय.

सेक्रेटरी: वेळ संपली होती, त्याला मी काय करू? बरं, लिंबू-कढीपत्ता सोडून बाकीचं छाटू. माळी फोन उचलत नाही.

ए-४०२ कुलकर्णी मॅडम: त्याला फवारणी पण करू नको म्हणा. आणि जिन्यातली लाइट रात्रभर कशाला? पतंग येतात, त्यांच्यामागं पाली.

सी-३०१ मोरे: लाइट सुरक्षेसाठी आहे. माझ्या गाडीचा आरसा कुणी तोडला ते आधी शोधा.

बी-३०१ स्नेहा: उडालं!! साधारण १२ मिनिटांत. पेरूच्या झाडाकडं गेलं.

बी-२०३ देसाई काकू: छान. जिना अजून चिकट आहे.