दोहाला वर्षातून एक फेरी, राहणं नागपुरात: कोणतं कार्ड परवडेल?

बजाजनगरचे_सर
नमस्कार मंडळी. मी कॉलेजात शिकवतो, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. मुलगी आणि जावई दोहाला असतात. दर हिवाळ्यात आम्ही दोघं कतार एअरवेजच्या थेट विमानाने सोनेगाव विमानतळावरून जातो. दोघांची जाण्या-येण्याची तिकिटं ९० हजारांच्या आसपास पडतात. शिवाय मुंबई-पुण्याला जाणं होतंच.

घरचा कार्डावर टाकता येईल असा खर्च वर्षाला आठ लाखांपर्यंत आहे. त्यात पेट्रोल, वीज बिल आणि विम्याचे हप्ते मिळून तीनेक लाख. उरलेला किराणा, औषधं, कपडे, तिकिटं. पुढच्या वर्षी पुतणीचं लग्न आहे, म्हणून दोन लाखांचं सोनं वेगळं.

बँकेतून एचडीएफसी इन्फिनियासाठी फोन आला होता. फी १२,५०० अधिक जीएसटी. एक सहकारी ॲक्सिस ॲटलास घ्या म्हणतात, फी ५,००० अधिक जीएसटी. विमानतळावरचे लाउंज, माइल्स (विमानप्रवासासाठीचे पॉइंट), मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क) हे सगळं वाचलं, पण आमच्यासारख्यांच्या हातात शेवटी काय पडतं ते उमगत नाही. बिल मी दर महिन्याला पूर्ण भरतो, कधी थकवलेलं नाही. कुणी आकडे मांडून सांगाल का?

मिहान_नाइट_शिफ्ट
सर, तुम्हाला एवढ्या महागड्या कार्डाची गरजच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एचडीएफसीचंच रेगालिया गोल्ड घ्या. फी २,५०० अधिक जीएसटी, आणि वर्षाला ४ लाख खर्च झाला की पुढची फी माफ. देशात वर्षाला १२ वेळा लाउंज, परदेशात ६ वेळा. मार्कअप २ टक्के, म्हणजे इन्फिनियाइतकाच. तुम्ही वर्षातून एकदा परदेशी जाऊन राहिले, त्यासाठी १४,७५० रुपये कशाला मोजायचे? माझ्या टीममधल्या पोरांनी धातूचं कार्ड मिळतं म्हणून हौसेने घेतलंय, आणि वापर सगळा जेवण मागवायच्या ॲपवर.

हिशेबाची_वही
सर, मी धरमपेठेत कर सल्लागार म्हणून काम करते. रिटर्नच्या मोसमात लोक कागदांसोबत कार्डाची स्टेटमेंटंही पुढ्यात टाकतात, म्हणून हा हिशेब माझ्या रोजच्या कामातला आहे.

आधी आठ लाखांतून पेट्रोल, वीज आणि विमा बाजूला काढा. ॲटलासवर या तिन्हींवर माइल्स मिळत नाहीत, सोन्यावरही नाहीत. इन्फिनियावर पेट्रोलला काही नाही, विमा आणि विजेवर मर्यादेत मिळतात, सोन्यावर मिळतात. सोयीसाठी पाच लाखच धरू या: ९० हजारांची तिकिटं आणि बाकी ४ लाख १० हजार.

इन्फिनियावर दर १५० रुपयांना ५ पॉइंट. ४ लाख १० हजारांवर साधारण १३,६०० पॉइंट होतात. तिकिटं मात्र बँकेच्या स्मार्टबाय या खरेदीच्या साइटवरून काढा, तिथे विमानाला पाचपट मिळतात. ९० हजारांवर १५,००० पॉइंट, आणि महिन्याच्या कमाल मर्यादेत ते बसतात. एकूण २८ हजारांवर पॉइंट. विमानाच्या तिकिटासाठी एक पॉइंट म्हणजे एक रुपया. फक्त तिकिटाच्या रकमेपैकी ७० टक्केच पॉइंटमधून देता येतात, ३० टक्के खिशातून घालावे लागतात. फी भरली की १२,५०० पॉइंट परत मिळतात. म्हणजे पहिल्या वर्षी खरा भुर्दंड जीएसटीचा, २,२५० रुपये. वर्षाला १० लाख खर्च झाला तर पुढची फी माफ होते, पण मग ते १२,५०० पॉइंटही येत नाहीत.

आता ॲटलास. तिकीट थेट कतारच्या साइटवर काढलं तर शंभराला ५ माइल्स, ९० हजारांवर ४,५००. बाकीवर शंभराला २, म्हणजे ८,२००. तीन लाखांचा टप्पा ओलांडल्याचे २,५०० वेगळे. एकूण १५,२००. एक माइल म्हणजे दोन एव्हिऑस (कतार एअरवेजचे स्वतःचे पॉइंट), म्हणून ३०,४०० एव्हिऑस. आकडा मोठा दिसतो, पण एव्हिऑस म्हणजे रुपये नव्हेत. त्यांवर सीट मोकळी असेल तरच तिकीट निघतं, आणि कर व अधिभार रोख भरावे लागतात. तुम्ही जाता हिवाळ्यात, नातेवाइकांकडे जाणाऱ्यांची गर्दी असते तेव्हाच. तारखा मागेपुढे करता येत असतील किंवा बिझनेस क्लासची इच्छा असेल तर ॲटलास फार चांगलं कार्ड आहे, हे मी मनापासून सांगते. ठरलेल्या सुट्ट्यांत जाणाऱ्या प्राध्यापकाला ते जमायचं नाही. घेतलंच तर सीट आधी शोधा, मगच माइल्स एव्हिऑसमध्ये वळते करा. वळते केलेले परत येत नाहीत.

मार्कअपचाही फरक आहे. ॲटलासवर साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी धरून ४.१३. इन्फिनियावर २.३६. दोहात लाखभर खर्च केला तर १,७७० रुपयांचा फरक फक्त यातच. आणि मॉलमधल्या मशीनवर रुपयांत बिल करू का असं विचारलं तर रियालच म्हणायचं. रुपयांत बदलून देण्याचा त्यांचा दर नेहमी वरचा असतो.

मिहानवाल्या भाऊंचं म्हणणं लाउंजपुरतं मला पटतं. नागपूर-दोहा थेट विमान, उतरलं की मुलगी बाहेर उभी. मध्ये कुठे सहा तास काढायचे नाहीत. लाउंज कामी येईल तो मुंबईला विमान बदलताना, आणि तेवढ्याला रेगालियाचे १२ पुरतात. पण पॉइंटचं पाहा: त्यावर दीडशेला ४ पॉइंट आणि विमानासाठी एका पॉइंटचे ५० पैसे. तुमच्या ४ लाख १० हजारांचे साधारण साडेपाच हजार रुपये होतात, इन्फिनियावर साडेतेरा हजार. सर, तुमच्या खर्चाला इन्फिनिया परवडतं. खर्च तीन लाखांच्या आत असता तर मीही रेगालियाच म्हटलं असतं.

सराफा_ओळ
ताईंचा हिशेब बरोबर आहे, सोन्याबद्दल एक सांगतो. इतवारीत आमचं दुकान आहे. क्रेडिट कार्डाच्या मशीनवर दुकानदाराला कमिशन लागतं, आणि दागिन्यात नफा आधीच बारीक. म्हणून बरेच जण दीड-दोन टक्के वरून मागतात. दोन लाखांवर दीड टक्के म्हणजे ३,००० रुपये, पॉइंट मिळतील ६,६००. तरी फायदाच आहे, पण घडणावळ ठरवतानाच कार्डाचं बोलून घ्या, बिल झाल्यावर काही होत नाही. दोन लाखांच्या वर बिल गेलं तर पॅन लागेल. आणि अमेक्स किंवा डायनर्स घेऊन येऊ नका बाप्पा, आमच्या ओळीत निम्म्या मशीनवर चालत नाहीत. व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणा.

बजाजनगरचे_सर
सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही तर पूर्ण ताळेबंदच मांडून दिलात, वहीत उतरवून घेतला. दोन शंका उरल्या. सौ.साठी वेगळं कार्ड काढावं का? आणि माझ्याकडे एक जुनं कार्ड आहे, फी भरतो पण वापरत नाही. बंद करायला फोन केला की नवीच योजना ऐकवतात.

हिशेबाची_वही
काकूंसाठी वेगळं काढू नका, ॲड-ऑन (तुमच्याच खात्यावरचं जोडकार्ड) घ्या. इन्फिनियावर ते विनामूल्य मिळतं आणि त्यांना स्वतःचा प्रायॉरिटी पासही मिळतो, म्हणजे परदेशातल्या लाउंजमध्ये त्यांना तुमच्या पाहुण्या म्हणून पैसे भरावे लागत नाहीत. ॲटलासवर पाहुणा नेला की तुमच्याच कोट्यातून एक फेरी कमी होते. शिवाय दोघांचा खर्च एका खात्यात जमला की १० लाखांचा आकडाही जवळ येतो. आपल्याकडे किराणा, साड्या, औषधं बहुतेक काकूच घेतात, आणि कार्ड मात्र काकांच्या पाकिटात. पॉइंट तिथेच सुटतात.

जुन्या कार्डाचं फोनवर बोलूच नका. आधी त्यातले पॉइंट वापरून घ्या, कार्ड बंद झालं की बहुधा तेही जातात. बाकी रक्कम शून्य करा, त्यावर वीज बिल किंवा विम्याचा हप्ता आपोआप कापला जात असेल तर तो हलवा. मग ईमेलने लेखी विनंती पाठवा आणि पोच जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे: थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख एका ओळीत करा. मसुदा हवा असेल तर इथेच टाकते.